सोमवारची चव

शाळेत शिजणाऱ्या खिचडीवर सरकारचा विश्वास नाही. म्हणून पोरांना वाढण्याआधी ती तिघांनी चाखायची आणि वहीत शेरा लिहून सह्या करायच्या, असा नियम आहे. एक शिजवणारी बाई, एक गुरुजी आणि एक पालक. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाच्या तोंडावरच्या एका वाडीत माझी बदली झाली आणि ही वही माझ्या गळ्यात पडली. मी अवसरीचा, सपाटीवरचा माणूस. तिथल्या पावसाची सवय व्हायला वर्ष लागलं, वहीची आठवड्यात झाली.

श्रावणात एका सोमवारी तालुक्याहून तपासणीचे साहेब न सांगता आले. त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या ताईंची नखं पाहिली, डोक्यावरची टोपी पाहिली, मिठाच्या डब्याचं झाकण तीनदा उघडून लावलं आणि म्हणाले, "चला, घ्या चव. माझ्यासमोर."

"साहेब, माझा उपास आहे," मी म्हणालो.

"माजा बी," ताई म्हणाल्या.

पालक म्हणून शाळा समितीच्या अध्यक्षांना बोलावलं. ते ताईंचे चुलत सासरे. भातखाचरातून तसेच चिखलाच्या पायांनी आले आणि ऐकून भडकलेच. "श्रावणी सोमवार हाय साहेब! भीमाशंकर त्या डोंगराआड बसलाय, आन तुमी खिचडी खा म्हन्ता? तुमीच खा की!"

"माझाही सोमवारच आहे," साहेब पडेल आवाजात म्हणाले.

पातेल्याभोवती चार मोठी माणसं उभी, आणि बाहेर ओट्यावर ताटं वाजवणारी चाळीस पोरं. खिचडी साबुदाण्याची असती तर चौघांनीही वाटीवाटीनं चाखली असती. अध्यक्षांनी तोडगा काढला, "वासावरनं सांगू का?" साहेबांनी खिशातून नियमाचा कागद काढून खरोखर वाचून पाहिला. वासाची सोय नव्हती.

मग त्यांनी वहीची मागची पानं उलटली. श्रावणातले आधीचे तिन्ही सोमवार तिथं होते. 'चव उत्तम, मीठ बरोबर.' अक्षर माझं, खाली तिघांच्या सह्या.

"म्हणजे तुम्ही उपास मोडलेत, की वही खोटी लिहिलीत? एक काहीतरी सांगा. मला शेरा द्यायचाय."

अध्यक्ष देवाला भिऊन म्हणाले, "उपास न्हाई मोडला." मग साहेबांना भिऊन म्हणाले, "वही बी खोटी न्हाई." मी कौलांकडे बघत राहिलो. मला काय, नोटीस आली असती आणि खुलासा लिहून मी मोकळा झालो असतो. ताईंची नेमणूक मात्र वर्षावर होती. शेरा वाईट आला की चुलीपुढे दुसरी बाई, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी चाखते," ताई म्हणाल्या. "दर सोमवारी चाखते."

"उपास असून?"

"उपास हाय. पर न चाखता पोरांच्या ताटात कसं वाढू, साहेब? मागं डाळ खवाट लागली तवा सगळं पातेलं टाकून दुसरं शिजवलं व्हतं." त्यांनी चमचाभर खिचडी घेतली, फुंकर मारली आणि आमच्यादेखत खाल्ली. मग चिमूटभर मीठ घालून ढवळलं.

"चला, तिघांतलं एकाचं तरी खरं निघालं," असं म्हणून साहेब लिहायला बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

अध्यक्ष मात्र सुनेकडे बघत होते. "लग्नाला आठ वर्सं झाली. पोर व्हावं म्हनून सोमवार धरल्यात, त्याला तीन," ते सावकाश म्हणाले. "का व्हत न्हाई, ते आत्ता कळलं."

ताईंनी पदर सारखा केला, पातेलं उचललं आणि ओट्यावर जाऊन वाढायला सुरुवात केली, सगळ्यात लहान पोरांपासून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याला सांगायचं होतं, की खोटी सही तुमची आणि माझी, या बाईनं एकटीनं नियम पाळला आणि त्याचंच पाप तुम्ही तिच्या माथी मारताय. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेबांनी वही माझ्यापुढे धरली. शेरा होता, 'समाधानकारक'.

मी म्हणालो, "थँक्यू, साहेब."