सरकीची पुरचुंडी

शेजारच्या दुकानात भीमपूरहून फोन आला. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, दादा उठून नाही राह्यला... कितीबी हलवलं तरी." मी विचारलं, "आंगात बंडी होती का त्याच्या?" असल्या वेळी कुणी असं विचारतं का? पण तोंडून पहिलं तेच निघालं. फोन ठेवला आणि मी तशीच भीमपूरला निघाले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जैनथला मंडल कार्यालयात, म्हणजे तहसील कचेरीत, कारकून. आम्हा दोघांना वडिलांकडून एक खूण आली होती, मागे सरलेली हनुवटी. बाजूने पाहिलं तर ओठाखालून चेहरा थेट गळ्यात उतरतो. ती लपवायला त्याने दाढी राखली आणि मी फोटोत मान वर करायला शिकले. त्याचं घोरणं गल्लीभर प्रसिद्ध होतं. लोक हसायचे. मला लहानपणापासून भीती वाटायची ती घोरणं मध्येच तुटण्याची. छाती हलायची, पण हवा आत जायची नाही. मग हिसका देऊन तो श्वास ओढायचा, तेव्हा कुठे माझाही श्वास सुटायचा.

पुढे कचेरीत टेबलावरच त्याचा डोळा लागू लागला, तेव्हा वहिनीने त्याला नागपूरला नेलं. मीही सोबत होते. डॉक्टरांनी त्याला बाजूने न्याहाळलं, दाढीखालचं हाड चाचपलं. म्हणाले, जबडा लहान आणि मागे आहे, जिभेला जागा पुरत नाही. उताणं झोपलं की ती मागे पडते आणि हवेची अरुंद वाट बंद होते. झोपेत नाकातून हवा देणाऱ्या एका यंत्राचंही नाव त्यांनी सांगितलं, पण ते आमच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. ते मिळेपर्यंत कुशीवर झोपा, म्हणाले. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर थांबली. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

घरी आल्यावर वहिनीने त्याच्या बंडीला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात सरकीची, म्हणजे कापसाच्या बियांची, घट्ट पुरचुंडी भरली. उताणं व्हायला गेलं की ती टोचायची आणि दादा झोपेतच कूस बदलायचा. "लोकं कापसावर झोपतेत, मी सरकीवर झोपून राह्यलो," तो म्हणायचा. त्या पुरचुंडीच्या भरवशावर आम्ही कितीतरी वर्षं निर्धास्त होतो.

भीमपूरला काकूच्या घरच्या लग्नात उन्हाचा कडाका होता; मी गेले नव्हते. जेवणं झाल्यावर पुरुषांनी सदरे काढले. पाठीवरचा उंचवटा पाहून कुणीतरी थट्टा केली, तशी दादाने बंडी काढून पिशवीत कोंबली आणि तो आतल्या खोलीत चटईवर पडला. वहिनी बायकांत होती. घोरणं सुरू झालं तेव्हा आमच्या काकूने पोरांना दटावलं, "गलका नका करू, थकला हाय तो," आणि दार ओढून घेतलं. झोपलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी उठवत नाही. थोड्या वेळाने आवाज थांबला. "आता लागली बरी झोप," काकू म्हणाली. हे तिनेच मला रडत रडत सांगितलं. तिला मी काय बोलणार? तिने मायाच केली होती. तिथल्या डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं सांगितलं, पण माझ्या डोळ्यांपुढून ते ओढलेलं दार हलत नाही.

मी पोचले तेव्हा ठेवतात तसं त्याला उताणं ठेवलं होतं. वहिनी ज्याला त्याला विनवत होती, "यायले कुशीवर करा... उताणे नका ठेवू." कुणी ऐकलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दादाच्या स्मरणविधीच्या, दिवशी वहिनीने ती बंडी धुऊन माझ्यापुढे ठेवली. "बाई, तुमीच न्या. तुमच्या घरी दोघीजनी हाय." दुसरी म्हणजे माझी लेक. आरशात वाकडी मान करून तिने मागे विचारलं होतं, "आई, माही हनुवटी मामासारखी काऊन?" तेव्हा मी हसले होते.

बंडी आता आमच्या खुंटीवर आहे. सरकी मी नवी भरली आहे. लेक घोरत नाही, अजून तरी नाही. शाळेतून येऊन पडते आणि अगदी शांत झोपते. ती शांतता मला सोसत नाही. मी खांदा धरून तिला हलवते. "काऊन उठवून राह्यली मले?" ती चिडून म्हणते. तिचं चिडणं ऐकलं की मी परत स्वयंपाकघरात जाते.