दीड एकरापासून पुढे

शेवगावच्या वधू-वर मंडळात मी कॉम्प्युटरवर बसतो. मुलीचे वडील अटी सांगतात, मी त्यात बसणारी स्थळं काढून देतो. वय, उंची, जमीन, प्रत्येकापुढे दोन चौकटी असतात, 'पासून' आणि 'पर्यंत'. माझंही नाव तिथंच नोंदवलेलं. दुसऱ्यांची लग्नं जुळवता जुळवता माझंच वय निघून चाललंय, याची सगळ्यांना गंमत वाटायची, मी सोडून.

एकदा नेवाशाकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. मी सकाळी कांद्याला पाणी धरून कामावर येतो, हे कळल्यावर म्हणाली, "मला बी शेतीची आवड हाय." असं म्हणणारी मुलगी मी तरी पाहिली नव्हती. मला ती आवडली, तिथल्या तिथं. वडील म्हणाले, "नोकरी नसली तरी चालंल. जमीन दीड एकर तरी पायजे."

माझी जमीन पावणेदोन एकर. 'पासून'मध्ये १.५० घातलं, 'पर्यंत' रिकामं सोडलं. मंडळातल्या माणसानं स्वतःचंच स्थळ पुढे करणं बरं दिसत नाही, पण कॉम्प्युटरनं सुचवलं तर कोण काय म्हणणार? बटण दाबलं. यादीत माझं नाव नव्हतं. मंडळाच्या मालकांनी काढून टाकलं असणार, असं मी धरून चाललो. विचारायला गेलो नाही. रागावलो की माझं तोंड मिटतं.

दिवाळीनंतर तिचे वडील तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले.

"तुमचं कुटं जमलं का न्हाई?"

"न्हाई अजून."

"जमीन किती हाय?"

"पावणेदोन एकर."

"मग आमच्या यादीत कसं न्हाई आलं? पोरगी तुमचं इचारीत हुती. म्या म्हणलं, जमीन नसंल."

ते गेल्यावर मी माझी नोंद उघडली. जमीन १.३०. म्हणजे एक एकर तीस गुंठे. आमच्याकडे सगळे असंच लिहितात, टिंबापुढे गुंठे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. कॉम्प्युटरला ते कुठलं कळायला? मी दीड एकराचे १.५० घातले होते, आणि त्याच्या हिशेबी १.३० हे १.५० पेक्षा कमी. मालकांनी काहीच केलं नव्हतं.

मी सगळ्यांची जमीन गुंठ्यांत करून घेतली. मग 'पासून'मध्ये दीड एकराचे साठ गुंठे घातले. माझं नाव आलं, फोटोसकट. पत्रिका टेबलावर तशीच पडलेली. रडू आलं, पण समोरच्या बाकावर एका मुलीचे वडील केव्हाचे थांबले होते.

मी डोळे पुसले आणि त्यांना जमिनीची अट विचारली. त्यांना दोन एकर हवी होती.