सात नंबरची बुरशी

सरांनी माझ्या कानाखाली वाजवली आणि मी त्यांची कॉलर धरली. नांदेडच्या प्रयोगशाळेतली गोष्ट. लाज वाटत नाही, म्हणून लिहितोय.

भांडण बुरशीवरून. कुजून तापलेल्या ढिगांत, हात भाजेल अशा उबेत वाढणाऱ्या बुरशीचे नऊ वाण मी लातूर-नांदेड पालथं घालून आणले होते. प्रत्येकाचं विकर, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाइम, सत्तर अंशांवर तासभर ठेवायचं, मग ते स्टार्चच्या पाण्यात मिसळून वर आयोडिन. नळी निळी झाली की स्टार्च तसंच राहिलं, म्हणजे विकर मेलं. आठ नळ्या निळ्या झाल्या. सात नंबरची झाली नाही. ती लोह्याच्या माझ्या मामाच्या भुसकटातली.

"सात नंबर आपल्या उदगीरच्या सीनियरला दे. त्याचा प्रबंध अडलाय. तू मोर्चे काढ," सर म्हणाले.

"ढीग त्याच्या बापानं उकरला होता का?"

त्यावर ती चपराक. कॉलर फाटली तसे दोन शिपाई धावले, त्यांनी मला भिंतीला दाबलं. "मग कुणालाच नको!" म्हणत सरांनी माझं अख्खं रॅक ऑटोक्लेव्हमध्ये कोंबलं. सत्तर अंशांवर न मरणारं त्या वाफेत उकडून मेलं. मी बघत राहिलो.

सात नंबरची दुसरी नळी मी ठेवलीच नव्हती. चोरतील म्हणून! विद्यार्थी संघटनेत हेच शिकलो होतो, महत्त्वाचा कागद एकाच खिशात.

त्याच दुपारी लोहा गाठलं. मामाचं भुसकट दोन्ही हातांनी उपसलं, तळवे पोळले. धूर निघाला तसा मामा धावत आला.

"आरं ए! मागल्या बारीला उकरून वारा लावलास, निम्मा ढीग जळला. आता राहिलेला पेटवतो का?"

"मामा, बुरशी पाहिजे."

"डोस्क्यात हाय की लई! ती ने."

भाच्यावर हात उचलला तर म्हातारपणी हात कापतात म्हणे. मामानं धरम पाळला, लाथ घातली. दोनदा. मी पडलो, पण मूठ सोडली नाही.

त्या मुठीतून तशीच राखाडी, तशीच मखमली बुरशी उगवली. बारा नळ्या लावल्या. सत्तर अंश, एक तास, आयोडिन.

बाराही निळ्या.

सरांविरुद्ध तक्रार दिली तर चौकशीवाले म्हणाले, "सात नंबर एवढी भारी होती, तर दाखवा."

मी सरांकडे बोट केलं. "ह्यांना विचारा. ह्यांनी उकडली."

सर नवा शर्ट घालून आले होते.