बाबूचं वल्हं

आधीच सांगते, मी आष्ट्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. भूत, भानामती, अंगात येणं... स्टाफरूममध्ये कुणी असला विषय काढला की सगळ्यांत आधी मी हसते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण भर दुपार होती, लख्ख ऊन होतं आणि मी पूर्ण शुद्धीत होते.

गेल्या श्रावणात आईच्या हट्टापायी आम्ही कृष्णाकाठच्या जुन्या देवळांची ट्रिप काढली. आई, तिचे मोठे भाऊ म्हणजे आमचे मामा, मी आणि माझा नवरा सुनील. साताऱ्याजवळचं माहुली, मग कराड, मग औदुंबर – जिथं मिळेल तिथं नावेत बसायचंच, हा आईचा नियम. शेवटचं ठिकाण सांगलीजवळचं हरिपूर. तिथं वारणा कृष्णेला मिळते आणि काठावर संगमेश्वराचं प्राचीन देऊळ आहे.

मामा सांगलीवाडीचे, तरुणपणी होड्यांच्या शर्यती मारलेले. त्यांच्या टीमची गोष्ट आम्हाला पाठ आहे, कारण प्रत्येक लग्नात आणि बारशात ती ऐकावीच लागते. टीममधला बाबू कायम क्षणभर उशिरा वल्हं मारायचा. सगळ्यांचा एक 'छप्' झाला की मागून बाबूचा एकट्याचा 'छप्'. त्याच्यापायी मोठी शर्यत थोडक्यात हुकली. आता बाबूही नाही आणि टीममधलं दुसरं कुणीही उरलेलं नाही. मामांचं वल्हं मात्र अजून भिंतीवर आहे आणि त्याला बाईमाणसानं हात लावायचा नाही! आई लहानपणी चोरून नाव वल्हवायला शिकली, तर मामांनीच घरी चुगली करून तिला मार खायला लावला होता.

हरिपूरला दर्शन झालं आणि इंजिनाच्या नावेतून संगमाला चक्कर मारायला निघालो. ऐन मध्यावर इंजिन बंद पडलं. धरणातून पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे ओढ जबरदस्त. नाव खालच्या पुलाच्या खांबांकडे सरकायला लागली. नावाड्यानं एक वल्हं स्वतः घेतलं, दुसरं सुनीलच्या हातात दिलं. सुनील कुपवाडला वर्कशॉपमध्ये मोठमोठी मशीन चालवतो, पण वल्हं त्यानं झाडूसारखं धरलं. नाव गोल फिरली. मला खरंच वाटलं, संपलं आता सगळं.

आईनं पदर खोचला आणि सुनीलच्या हातातलं वल्हं हिसकावून घेतलं.

"सुमे, ठेव ते! बायकांचं काम न्हाई ते!" मामा ओरडले.

"मग तू मारतोस? हात बघ कसा थरथरतोय. गप बस दादा, आन् ताल धर!"

 मामांनी मांडीवर थाप मारली – "ओढ... हो! ओढ... हो!"

मी सगळ्यांत मागं बसले होते. पुढं दोन वल्ही पाण्यात पडत होती, पण आवाज दोनच वल्ह्यांचा नव्हता. माझ्या दोन्ही बाजूंना, तालावर, पाणी उडत होतं. दोन्ही बाह्या भिजल्या. मागं वळून पाहिलं तर कुणी नाही, नुसतं पाणी. प्रतिध्वनी असेल, असं मनात आलंसुद्धा... पण प्रतिध्वनीनं कुणाच्या बाह्या भिजत नाहीत.

खाली चाललेली नाव थांबली आणि प्रवाहाच्या उलट वर चढायला लागली!

आणि मग तो ऐकू आला. सगळ्यांच्या मागून, क्षणभर उशिरा, एकटाच 'छप्'.

मामांचा ताल तुटला. ते मागं वळले. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे बघत होते. डोळे भरलेले, आणि आवाज एकदम तरण्या गड्याचा –

"बाबू! लेका, आतातरी वेळेवर मार रं!"

पुढचा 'छप्' एकच झाला. नाव अशी उसळली की मी आडवीच झाले. मग ती थेट घाटाला लागली. घाटावरची माणसं शिट्ट्या मारत होती, आई दोन्ही हात वर करून ओरडत होती, "जितलो! दादा, जितलो!" माझ्या आईला इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी भीती विसरून टाळ्या वाजवत होते.

"मागून तूच वल्हवत होतीस ना?" सुनीलनं विचारलं.

"कशानं? पर्सनं?" मी म्हणाले. आणि भिजलेल्या बाह्या पिळायला लागले.

प्रवाह, वारा, भोवरा... सगळं कागदावर मांडून झालं. दर वेळी त्या भिजलेल्या बाह्यांपाशी अडकते. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि कुणी हसलं तर हसू दे.

खंडेनवमीला मामांनी आम्हाला घरी बोलावलं. भिंतीवरचं वल्हं स्वतः उतरवलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "तूच कर औंदा पूजा," एवढंच म्हणाले. आईनं हळद-कुंकू वाहिलं, पेढा ठेवला. मामांनी शेजारी आणखी एक पेढा ठेवला.

"ह्यो कुणाला?" आईनं विचारलं.

"बाबूला. लय वर्षं शिव्या दिल्या गं त्याला."