कॅमेऱ्याबाहेरची उत्तरं

"नीचे बैठो, कॅमेरे में दिखोगी," मॅनेजर म्हणाला. माझी खुर्ची त्याने ओढून घेतली आणि त्याच्या कानडी मिसळलेल्या हिंदीत म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करो ना."

मी बसले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये, जमिनीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. वर खुर्चीत निखिल. पुण्याचा, एम.टेक. पडद्यावर त्याची मुलाखत घेणारी, जर्मनीतल्या क्लायंट कंपनीची बाई. त्यांच्या गोदामांचं सॉफ्टवेअर सांभाळायला तिला तिकडे दोन वर्षांसाठी एक माणूस हवा होता. ते सॉफ्टवेअर चार वर्षं मी लिहीत होते. ईमेल मात्र मॅनेजरच्या नावाने जायच्या. निखिलने ते सॉफ्टवेअर आठवड्यापूर्वी पहिल्यांदा उघडलं होतं.

पण परदेशी पाठवायचं ते मास्टर्सवाल्यांनाच. मी डिप्लोमावाली. दहावीनंतर बाबा म्हणाले, लवकर कमावती हो, मागे भाऊ आहे. नागपूरला पॉलिटेक्निक केलं आणि लागले कामाला.

तर ठरलं असं की प्रश्न आला की मी उत्तर टाइप करायचं, ते निखिलच्या पडद्यावर उमटेल आणि त्याने ते समोर बघून बोलायचं. मी हो का म्हटलं? मॅनेजर म्हणाला होता, पुढच्या वेळी तुझं नाव. त्याआधीही दोनदा म्हणाला होता. गरजवंताला अक्कल नसते.

निखिल वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. माझ्या डब्यातली पाटवडी हक्काने खायचा. हुशार होता. त्याची पदवीही खरी होती. पण त्या पदवीला हे काम येत नव्हतं, आणि सगळे बघत होते ते पदवीकडेच.

बाईने विचारलं, गोदामांतला साठा उणे दिसायला लागला होता, तो घोळ कसा निस्तरला? तीन दिवस मी त्यात डोकं घातलं होतं. मी लिहिलं. निखिल बोलला, "मी आधी परत आलेला माल वेगळा काढला." मी. वाक्य माझं आणि त्यातला 'मी' त्याचा.

बाई खूश झाली. इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या उत्तरांत उच्च शिक्षण दिसतं."

"थँक यू," निखिल म्हणाला. खाली बघितलंही नाही.

पुढचा प्रश्न आला. मी बोटं उचलून घेतली. निखिल पाणी प्यायला. मग पुन्हा प्यायला. मॅनेजर दारातून हातवारे करत होता. मी उठले, कॅमेऱ्यासमोर गेले.

"ही उत्तरं माझी होती. मी डिप्लोमा केलाय. पुढचं मला विचारा."

तिने विचारलं नाही. कॉल बंद केला. नंतर कोणालाच बोलावलं नाही. ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, म्हणून मॅनेजरने मला काढलं नाही.

निखिल डब्याला येईनासा झाला. एकदा लिफ्टमध्ये भेटला. "मला तरी आधी सांगायचंस," म्हणाला. मी काय सांगणार होते? उत्तरं कोणाची, ते त्याला माहीतच होतं. त्या दिवशी बसमध्ये तोंडाला ओढणी लावून रडले. जर्मनीसाठी नाही. मित्र गेला म्हणून.

काल मॅनेजरने एक नवा एम.टेक. माझ्यापुढे आणला. "दूसरे क्लायंट के साथ इसका इंटरव्ह्यू है. तुम साथ में बैठना, पहले जैसा."

मी म्हटलं, काम शिकवते. मुलाखत त्याची त्याने द्यावी, नाहीतर माझ्या नावाने मी देते.

"जॉब जाएगा तुम्हारा."

जाऊ दे. मला जे येतं ते यापुढे माझ्याच तोंडून निघेल, नाहीतर निघणार नाही.