तीन उतांचं दूध

चांगुणाकाकूंच्या घरी चहा मिळत नसे, दूध मिळे. आणि ते तीन ऊत आल्याशिवाय चुलीवरून उतरत नसे. मुरबाडच्या गुरांच्या दवाखान्यात मी नवा होतो आणि पहिल्याच भेटीत घाईत होतो. ‘‘बस रे डाक्तर,’’ काकू म्हणाल्या, ‘‘दुधाला घाई नाय चालत.’’ मी मुकाट्याने बसलो. त्यांच्यापुढे नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या दोन म्हशींपैकी मोरी लाडकी. एकदा तिची कास सुजली, दूध पाणचट येऊ लागलं. नेहमीच्या औषधाला सूज दाद देईना. वाशिंदला कारखान्यात जाणारा मुलगा म्हणाला, ‘‘आये, दलाल येतोय. देऊन टाकू मोरी.’’ काकूंना घास गिळवेना. कुठला जंतू आहे ते कळलं तर नेमकं औषध देता आलं असतं. म्हणून मी निर्जंतुक बाटली देऊन सांगितलं, सकाळच्या धारेचं दूध यात भरा आणि पहिल्या जीपने पाठवा.

प्रयोगशाळेतून फोन आला, ‘‘यात काहीच वाढत नाही.’’ मी काकूंकडे गेलो.

‘‘कच्चं कसं धाडू? जीपमधी नासलं असतं. तीन ऊत आणले, मंग भरलं!’’

मी कपाळावर हात मारला. बाईंनी जंतूंचा काढाच करून पाठवला होता! प्रयोगशाळेतल्या मॅडम मात्र फोनवर हसल्या. म्हणाल्या, जंतू मेला तरी त्याची जनुकं दुधात राहतात, जनुकीय तपासणीत सापडतील.

सापडली. धार काढणाऱ्याच्या हातांवरून एका कासेतून दुसरीत जाणारा जंतू होता. हे काकूंना सांगणं मला फार जड गेलं. त्या आपल्या तळव्यांकडे बघत राहिल्या. ‘‘म्हंजे मीच दिला का रे तिला?’’ मग म्हणाल्या, ‘‘मेल्यावरबी वळखता तुमी? माणसाचं ऱ्हातं का असं कायी?’’

औषध बदललं. मोरीच्या कासेचा एक सड कायमचा गेला, तीन वाचले. दलालाला काकूंनी दूध पाजून परत पाठवलं. त्यानंतर त्या कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कासेला शिवत नसत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. परवा मोरीला बघायला गेलो, तर घर फार सुनं वाटलं. सुनेने कोपरापर्यंत हात धुऊन धार काढली, दूध चुलीवर ठेवलं. मला पुढे शहापूर गाठायचं होतं, मी उठू लागलो.

‘‘बसा डाक्तर,’’ चुलीवरची नजर न काढता ती म्हणाली, ‘‘अजून दोनच ऊत आलेत.’’