बसव्वाच्या गाठी

शाहूपुरीतल्या प्रभुलिंगअण्णांची बायको बसव्वा कुणाला भ्यायची नाही. एकदा गुळाच्या गाडीचा बैल उधळला, बाजारातले गडी दुकानांत शिरले, आणि हिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून अशी हाक घातली की बैलच बावरून थांबला! तर अशी ही बाई, शहाण्णव सालच्या थंडीत वीतभर स्वेटराला घाबरली.

झालं असं. लेक विद्याश्री हुपरीला दिलेली. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते आणि ती बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळ जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, आल्यावरही बारशापर्यंत जुनेरातच गुंडाळायचं, ही घरची रीत. बसव्वाला ती पाठ होती. पण दुकानात पिवळी लोकर दिसली आणि तिला राहवेना. दुपारी सगळे आडवे झाले की ती कोठीच्या खोलीत बसून लपून विणायची. पाठ झाली, पुढा झाला, एक बाही निम्म्यावर आली.

शेजारची चिमणाबाई चाळण मागायला थेट कोठीतच शिरली.

"अक्का, खुळ्या झालाईसा काय? मागच्या खेपंलाबी असंच विणलं हुतंसा की!"

चाळण घेऊन ती गेली, पण बसव्वाची पुढची ओळ काही सुरू होईना. मागचं विणलेलं तिच्या ध्यानातही नव्हतं. आता वाटायला लागलं, माझ्याच हातानं झालं का ते?

तिनं सुया काढल्या आणि धागा ओढला. विणलेलं उसवणं किती सोपं! सर्रकन ओळीमागं ओळ सुटत गेली. बाही गेली, पुढा गेला, मांडीवर वाकड्यातिकड्या लोकरीचा ढीग झाला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अव्वा!"

विद्या उभी होती. हुपरीच्या गाडीतून उतरून सरळ आत आलेली, हातात पिशवी तशीच. चेहरा पांढराफटक.

"का उसवालीस? डॉक्टर काय बोलले तुला? माझं बाळ..."

"न्हाय ग! माप चुकलं."

"खोटं बोलू नको. पोरगं ऱ्हात न्हाय म्हणूनच उसवालीस न्हवं?"

बसव्वानं खरं काय ते सांगितलं, चिमणाबाईला शिव्याही घातल्या. उपयोग शून्य. ती सर्रकन सुटणारी लोकर पोरीच्या डोळ्यांसमोरून जाईना. जेवता जेवता पोटावर हात ठेवून विचारायची, "अव्वा, हलतंय का बघ." बाळ हलेपर्यंत दोघींचा घास तोंडातच.

मग बसव्वानं ट्रंकेतून टॅटिंगची, म्हणजे गाठी मारून लेस करायची, शटल काढली. बोटभर लांबीची, होडीसारखी, पोटात सुती दोरा गुंडाळलेली. लग्नाआधी शिवणाच्या शालूबाईंनी तिला हे काम शिकवलं होतं.

"हे बाळाला न्हाय, तुझ्या उशीच्या अभ्र्याला. ह्यात टाके न्हाईत बघ, गाठीच गाठी. एकदा आवळली की कुणाच्या बापाला सुटत न्हाय."

विद्यानं शटल ओढूनच घेतली. पहिल्यांदा दोरा नुसता गुंतला. मग युक्ती कळली: शटलचा दोरा ताठ धरायचा आणि बोटावरचा सैल सोडायचा, की गाठ आपोआप ताठ दोऱ्यावर बसते. एकेक कडी मिटायला लागली, कडीला कडी जोडली जायला लागली. पोरगी रोज आपणच केलेल्या गाठी नखानं ओढून बघायची. सुटत नाहीत म्हटल्यावर तिला झोप यायची.

कळा सुरू झाल्या तेव्हाही ती लेस तिनं दवाखान्यात नेली. आत जाताना आईच्या हातात दिली.

सकाळ गेली, दुपार कलायला आली, बाळ काही येईना. डॉक्टरीणबाई एकदा बाहेर आल्या आणि आणखी एका नर्सला घेऊन घाईनं आत गेल्या. बाकावर कोडोलीची बाळाबाई बसली होती, सुनेच्या बाळंतपणाला आलेली. ती म्हणाली, "बाई अडली की आमच्यात सगळ्या गाठी सोडत्यात. केस सोडा, पिशव्या सोडा. गाठ ऱ्हायली की वाट बंद."

बसव्वानं अंबाडा सोडला. पिशवीचे बंद सोडले. नवऱ्याकडं बघितलं. प्रभुलिंगअण्णांनी मुकाट्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या, रुमालाची पुरचुंडी सोडली.

"अहो, आणि काय ऱ्हायलं?"

"आता धोतरच ऱ्हायलंय की!"

बाळाबाई हसली. बसव्वा हसली नाही. तिला मांडीवरची लेस दिसली होती. गाठीच गाठी, आणि तिनंच शिकवलेल्या. घाईघाईनं तिनं साडीची पिन काढून एका गाठीत खुपसली. गाठ ढिम्म हलेना. कापावी, तर पोरीनं मन लावून केलेलं तोडायचं, तेही या घटकेला? आतून विद्याची किंकाळी आली. पिन बोटात गेली, पांढऱ्या दोऱ्याला रक्त लागलं, तरी बसव्वा उकरतच राहिली. एक गाठ सुटेल तर शपथ!

आणि आत बाळ रडलं.

नर्स दारात आली. "मावशी, नात झाली."

"विद्या?"

"चांगली हाय. अव्वा कुठं उलथली म्हणून इचारत्या."

आजोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली पोर नर्सनं पुढं केली. बसव्वानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"अगं घे की!" अण्णा म्हणाले.

"माझं हात नकोत. तुम्ही घ्या."

अण्णांनी पोर घेतली, बायकोला बाकावर बसवलं आणि नात तिच्या मांडीवर ठेवली. पोर रडायची थांबली तशी बसव्वा दचकली. तिनं बाळाच्या नाकाशी बोट धरलं. ऊन श्वास लागला. तिनं बोट काढलं, आणि लगेच पुन्हा धरलं.